दार फोडण्याआधी बोलणारा माणूस हवा

प्रति,
राज्याच्या गृहखात्यातील आणि पोलीस प्रशिक्षणाची आखणी करणारे सर्व अधिकारी,
तसेच आमचे ग्वाल्हेरचे लोकप्रतिनिधी यांना

सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी जिथे पडली तेच आजचं लष्कर, आणि आमचं घराणं त्या फौजेबरोबरच इकडे आलं. सारी नोकरी शाळेत शिकवण्यात गेली, आता निवृत्त आहे. बंदूक कधी हातात धरलेली नाही. तरी पोलिसांच्या कमांडो पथकाविषयी लिहिते आहे, कारण एका रात्री माझ्या भावाच्या दाराबाहेर असं एक पथक उभं होतं आणि त्या दारापासून चार पावलांवर मी होते.

बरीच वर्षं हे मनात ठेवलं. मध्यंतरी एका कार्यक्रमात अशाच एका पथकाचं प्रात्यक्षिक पाहिलं आणि मग गप्प बसवेना. मैदानात पत्र्याची खोली उभी केली होती. आत दोन ‘अतिरेकी’, एक ‘ओलीस’. चार जवान दोरावरून उतरले, दोघे ढालीमागून पुढे सरकले. धूर, धडाका, दाराला लाथ, आणि मिनिटाभरात सगळं आटोपलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. जवान चपळ होते, त्यांच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. पण मैदानात एक मोठा भोंगा होता. त्यावरून निवेदक प्रेक्षकांना माहिती देत होता. तो भोंगा खोलीकडे वळवून, आतल्या माणसाशी एक वाक्य बोलून पाहावं, असं त्या प्रात्यक्षिकात कुठेच नव्हतं. पथकाचं काम काय, याचं जे चित्र लोकांपुढे आणि जवानांपुढे ठेवलं गेलं, त्यात बोलण्याला जागाच नव्हती.

आता माझ्या भावाची गोष्ट सांगते. शहराचं नाव लिहीत नाही. ते ग्वाल्हेर नव्हे, एवढंच सांगते. मला कुणाला शिक्षा करवून घ्यायची नाही.

२०१९ ची दिवाळी नुकतीच झाली होती. बंडूला (घरातलं नाव) चौदा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया होता. गोळ्या चालू असल्या की तो हिशेबाचं काम नीट करायचा, वेळेवर जेवायचा, पहाटे रेडिओ लावायचा. त्या वेळी तीन आठवडे त्याने गोळ्या गुपचूप बंद केल्या होत्या. मी दिवाळीसाठी त्याच्याकडे गेले होते. संध्याकाळी त्याला वाटू लागलं की घरमालकाची माणसं त्याला मारायला येताहेत. त्याने स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि घराच्या दाराला आतून कडी लावली. शेजाऱ्यांनी घाबरून फोन केला : माणूस चाकू घेऊन आत आहे. ते खोटं नव्हतं. पण तो आजारी आहे, हे फोनवर कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आधी दोन शिपाई आले, मग पथक. शिरस्त्राणं, ढाल, लांब बंदुका. अरुंद जिन्यात सहा-सात माणसं दाटली. एक ओरडत होता, “दरवाज़ा खोलो!” दुसरा, “चाकू फेंको!” तिसरा गजाने दार ठोकत होता. ज्याच्या डोक्यात आधीच चार आवाज भांडताहेत त्याच्यावर हे आणखी तीन आवाज. आतून बंडू मराठीत ओरडत होता, “ताई, ते आले गं, ते आले!” तो घाबरला की हिंदी विसरायचा. बाहेर उभ्या असलेल्या एकालाही त्याचं बोलणं कळत नव्हतं. त्यांना एवढंच कळत होतं की आतला माणूस बिथरलाय आणि हुकूम मानत नाही. मी सांगू पाहत होते, मला मागे ढकललं. दार फोडायचं ठरलं होतं. लोखंडी ठोकणं वर आणलं गेलं होतं.

त्या वेळी ठाण्यातला एक म्हातारा हवालदार जिना चढून आला. तो पथकातला नव्हता. पंचनामा लिहायला कुणीतरी हवं म्हणून त्याला आणलं होतं. त्याने मला विचारलं, हा घरात कोणती भाषा बोलतो, याला हाक काय मारता. मग तो पथकाच्या प्रमुखाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलला आणि दाराच्या एका बाजूला, भिंतीच्या आडोशाने, पायरीवर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. जिन्यातले टॉर्च बंद करायला लावले. आणि म्हणाला, “बंडू भैया, मैं अकेला बैठा हूँ. थक गया हूँ. तुमने चाय पी?”

त्यानंतर दोन तास चाळीस मिनिटं गेली. त्यातला बराच वेळ तो काहीच बोलत नव्हता, नुसता बसून होता. मधे मला विचारायचा, आता तो काय म्हणाला. मी मराठीचं हिंदी करून सांगायची. रेडिओवर बोलणं झालं, घरमालकावर झालं. ‘तुला कुणी मारायला आलेलं नाही’ असं तो एकदाही म्हणाला नाही. ‘तुला भीती वाटतेय, मला कळतंय’ एवढंच म्हणत राहिला. रात्री अकराच्या सुमाराला कडी निघाली. बंडू रिकाम्या हाताने बाहेर आला. नंतर मी आत जाऊन पाहिलं तर सुरी मोरीत धुऊन ताटाळ्यात, जिथली तिथे, ठेवलेली होती.

पथकाच्या त्या तरुण प्रमुखाचे मी आजही उपकार मानते. थांबण्याचा निर्णय त्याचा होता. जिना उतरताना तो मला म्हणाला, “मैडम, हमें ये सिखाया नहीं जाता.” तो आरोप करत नव्हता, लाजून सांगत होता. हे वाक्य तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला असं पथक नको आहे, असं कुणी समजू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हल्ला सुरू झाला आणि राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली. मधले तास मुंबईच्या पोलिसांनी काढले. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त काठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरली आणि प्राण दिले. मरणोत्तर अशोकचक्राचा मान आपण त्यांना दिला. पण त्यांच्यासारख्याला काठीनिशी उभं राहावं लागू नये, हे बघणं तुमचं काम. ग्वाल्हेरला महाराजपुऱ्याचा हवाई तळ आहे, संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आहे. राष्ट्रीय सुरक्षा दलाचा तळ मानेसरला, तिथून इथे यायला रस्त्याने सहा तास धरा. काही घडलं तर पहिले तास आमच्याच पथकाचे असणार. म्हणून ते हवंच, आणि उत्तम हवं.

माझी तक्रार ‘उत्तम’ या शब्दाच्या अर्थाबद्दल आहे.

पहिली गोष्ट, पथकाचं काम नेमकं काय, हे ठरलेलं आणि लिहिलेलं हवं, आणि नागरिकांना वाचायला मिळायला हवं. अतिरेक्यासाठी तयार केलेली माणसं चाकू घेऊन कोंडून घेतलेल्या रुग्णाच्या दारात कुणाच्या हुकमाने जातात? कोणत्या प्रसंगी ठाण्याने स्वतः सांभाळायचं आणि कधी पथक बोलवायचं? दार फोडायचा अंतिम निर्णय कुणाचा? त्या रात्री जिन्यात तीन वेगवेगळे अधिकारी तीन हुकूम देत होते. शाळेत आग लागली तर कुणी घंटा वाजवायची आणि कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरायचं, हे आम्ही भिंतीवर लावून ठेवत होतो. ज्या कामात माणसाचा जीव जाऊ शकतो त्याचा असा कागद असायलाच हवा. गोपनीय डावपेच कुणी मागत नाही. ते तुमच्याकडेच ठेवा.

याच मुद्द्यात बंदोबस्त येतो. आमच्या गल्लीत एक निवृत्त जवान राहतात. त्यांनी सांगितलेलं विसरता येत नाही : कमांडो कोर्स करून आलो, तेव्हा अंग आणि डोकं दोन्ही तयार होतं. मग दोन वर्षं मंत्र्यांच्या दौऱ्यात दोरी धरून उभा राहिलो. बंद दाराची खोली कशी तपासायची हे हात विसरले. हे कौशल्य पोहण्यासारखं नाही की एकदा आलं ते आलं. ते गाण्याच्या रियाजासारखं आहे. तानसेनाच्या गावात हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिते. प्रत्येक पथकाबरोबर बोलणी करणारा प्रशिक्षित माणूस हवा.

हे परदेशी खूळ आहे असं कुणाला वाटत असेल तर आपल्याच प्रदेशाचा इतिहास बघा. चंबळच्या खोऱ्यात किती वर्षं चकमकी झाल्या, किती पोलीस आणि किती गावकरी मेले. आणि त्याच खोऱ्यात १९६० साली विनोबा पायी फिरले आणि बागींनी, म्हणजे तिथल्या दरोडेखोरांनी, त्यांच्यापुढे हत्यारं ठेवली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायण यांच्यासमोर मोहरसिंग, माधोसिंग यांच्यासारख्यांनी शस्त्रं खाली ठेवली. ही संतांची आणि नेत्यांची कामं, पोलिसांची नव्हेत, असं म्हणाल तर पुढचं ऐका. मलखानसिंग १९८२ मध्ये आणि फूलनदेवी फेब्रुवारी १९८३ मध्ये भिंडला शरण आली, त्यामागे कित्येक महिन्यांची बोलणी होती. ती भिंडचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक राजेंद्र चतुर्वेदी यांनी स्वतः बिहडात, म्हणजे चंबळच्या घळींत, जाऊन केली होती. फूलनदेवीने काय अटी घातल्या, फाशी होणार नाही ही त्यातली एक, आणि शेवटी तिने गांधीजी आणि दुर्गेच्या तसबिरींपुढे बंदूक ठेवली, हे आमच्या पिढीला पाठ आहे. त्या दिवशी एकही गोळी सुटली नाही. एका पोलीस अधिकाऱ्याने बेहमईसारख्या भयंकर हत्याकांडातल्या आरोपी बाईचा विश्वास मिळवला, तो पोलीस खात्यात राहूनच. हे पोलिसी काम नाही तर काय आहे? आणि हे काम आमच्याकडे घडलं असताना त्याचा धडा आमच्या जवानांना कुठल्या वर्गात मिळतो?

बाहेरच्या देशांनी हे जरा व्यवस्थित बांधलं, एवढंच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलचे ११ खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. विमानतळावर आठ हल्लेखोरांसाठी पाच नेमबाज होते, त्यांना त्या कामाचं खास प्रशिक्षण नव्हतं आणि एकमेकांशी बोलायला त्यांच्याजवळ रेडिओही नव्हता. त्यातून पश्चिम जर्मनीने स्वतंत्र पथक उभं केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कच्या पोलिसांनी त्यातून दुसराही धडा घेतला. हार्वे श्लॉसबर्ग नावाचा त्यांचा एक डिटेक्टिव्ह मानसशास्त्रात डॉक्टरेट झालेला होता. त्याच्या मदतीने त्यांनी १९७३ साली ओलीस प्रसंगात बोलणी करणाऱ्यांचं पथक तयार केलं. त्याची मांडणी साधी आहे : आधी वेढा घाला, आतल्याला बाहेर येऊ देऊ नका आणि बाहेरच्याला आत. मग घाई सोडा. वेळ जाऊ द्या. तहान, भूक, झोप, उतरणारा राग, उतरणारी नशा, सगळे पोलिसांच्या बाजूने काम करतात. बोलणारा एकच. हुकूम देणारा वेगळा. बोलणाऱ्याने वचन द्यायचं तर ‘साहेबांना विचारतो’ म्हणायचं, आणि त्यात आणखी वेळ जातो. त्या हवालदाराने हे काही वाचलेलं नव्हतं, पण पायरीवर बसून त्याने जवळजवळ हेच केलं.

अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात १९८७ साली पोलिसांच्या गोळीने एक मनोरुग्ण तरुण मेला. लोक संतापले. पुढच्या वर्षी पोलीस, डॉक्टर आणि रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसले आणि नेहमीच्या गस्तीवरच्या शिपायांसाठी ४० तासांचा अभ्यासक्रम तयार झाला. चाळीस तास म्हणजे एक आठवडा. तो काढणं आपल्याला अशक्य नाही.

आणि आमच्या ग्वाल्हेरला तर सगळं हाताशी आहे. झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे. तिथेच अश्रुधुराची नळकांडी बनवणारा त्यांचा कारखाना आणि श्वानांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. कमी जीवघेण्या साधनांतलं देशातलं मोठं ज्ञान आमच्यापासून तासाभरावर आहे. आणि शहरातच मानसिक आरोग्यशाळा आहे, शिंदे सरकारच्या काळापासूनची. तिथल्या रुग्णांच्या हालांमुळे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली आग्रा आणि रांचीच्या इस्पितळांबरोबर तिच्यावर देखरेख ठेवायला राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला सांगितलं होतं. तेव्हापासून तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी बिथरलेल्या माणसाजवळ कसं जायचं, हात कुठे ठेवायचे, किती अंतरावर उभं राहायचं, हे रोजच्या कामातून शिकून घेतलं आहे. जवानांना आठवडाभर तिथे पाठवायला काय लागतं? एक पत्र लागतं.

तिसरी गोष्ट कायद्याची. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम ३० मध्ये पोलीस अधिकाऱ्यांसकट सरकारी अधिकाऱ्यांना ठराविक काळाने या विषयाचं प्रशिक्षण देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. कलम १०० सांगतं की मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलिसांनी ‘संरक्षणात’ घ्यायचं. शब्द बघा, अटक नव्हे, संरक्षण. त्याला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही.

बंडूला त्या रात्री लॉकअपमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. मी त्याच्या गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन ठाण्याच्या बाकावर बसले होते. ती आत देता येणार नाहीत असं सांगितलं गेलं. मला तेव्हा कलम १०० माहीत नव्हतं. ठाण्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं, असं मी धरून चालते, कारण कुणी दुष्ट वाटलं नाही. एकाने त्याला स्वतःचं पांघरूण दिलं. बंडू पुढे कधीही त्या दाराबद्दल बोलला नाही. तो बोलायचा लॉकअपमधल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याबद्दल. २०२२ मध्ये तो हृदयविकाराने गेला. त्या रात्रीनंतरची अडीच वर्षं त्याला मिळाली, त्यात तो पुन्हा हिशेबाचं काम करू लागला होता, भाचीच्या लग्नात त्याने पंगतीत जिलब्या वाढल्या. दार फोडलं असतं तर ही अडीच वर्षं नसती. हे मी अंदाजाने म्हणत नाही. हातात सुरी घेऊन घाबरलेला माणूस आणि अंधारात आत घुसणारा बंदूकधारी यांच्यात चार हातांचं अंतर असलं की काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अटक करताना वापरायच्या बळालाही कायद्याने सीमा घातली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ प्रमाणे, ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला अटकेच्या नावाखाली मारण्याचा अधिकार पोलिसांना नाही. जुन्या संहितेतही हेच होतं.

चौथी गोष्ट, सराव कुठे आणि कसा होतो. चांदमारीच्या मैदानावर उभ्या पुतळ्यावर मारलेल्या गोळ्यांची गणती म्हणजे तयारी नव्हे. लष्करच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं. जुन्या घरांच्या दगडी भिंती हात-दीड हात जाड, वर दगडी पट्ट्यांचं छत. दगडावर आपटलेली गोळी कुठे वळेल सांगता येत नाही. त्याला लागून नवीन बांधकाम, साडेचार इंची विटांची भिंत, जी रायफलीची गोळी भेदू शकते, आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी पाळणा. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. अशा वस्तीत कोणतं हत्यार न्यायचं, कोणतं गाडीत ठेवायचं, हे इथल्या घरांचे नकाशे समोर ठेवून शिकवायला हवं. रिकामी पडलेली कितीतरी सरकारी घरं शहरात आहेत, त्यांत रात्री सराव करा. दर वेळी आत अतिरेकीच असेल असा सराव नको. कधी आत रुग्ण असू दे, कधी दारू प्यालेला नवरा आणि दोन मुलं, कधी ऐकू न येणारी म्हातारी. गोळी न चालवता सुटलेल्या सरावाला गुण द्या. जखमीला पहिल्या दहा मिनिटांत सांभाळू शकेल असा एक जवान प्रत्येक पथकात असू दे. बायका असू द्या, मदतीला उभ्या करण्यापुरत्या नव्हे, बोलणारी म्हणून आणि प्रमुख म्हणूनही. दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये फक्त महिलांचं कमांडो पथक उभं केलं, तेव्हा हे जमतं हे सिद्ध झालं आहे.

पाचवी गोष्ट गर्दीची. ३० जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यात एका माणसाने वाढदिवसाच्या नावाखाली २३ मुलांना घरात कोंडलं. मुलं सुखरूप सुटली, तो मारला गेला. पण बाहेर जमलेल्या लोकांनी त्याच्या बायकोला इतकं मारलं की ती मेली. पोलीस तिथेच असताना. आतलं काम साधलं आणि बाहेरचं हातातून गेलं. मनिलात ऑगस्ट २०१० मध्ये नोकरीतून काढलेल्या पोलीस अधिकाऱ्याने पर्यटकांची बस अडवली. बोलणी बराच वेळ ठीक चालली होती. मग त्याच्या भावाला पोलीस फरफटत नेताहेत हे दृश्य थेट प्रक्षेपणात त्याने बसमधल्या टीव्हीवर पाहिलं आणि तो गोळ्या झाडू लागला. पथक हातोड्यांनी बसच्या काचा फोडत राहिलं, लवकर आत जाता आलं नाही. हाँगकाँगचे आठ पर्यटक मेले. आपल्याकडे मुंबईच्या हल्ल्यानंतर वाहिन्यांवर नियम आले. पण आज प्रत्येक गच्चीवर मोबाइल आहे. बंडूच्या जिन्याखालीही दहा-बारा जण चित्रण करत होते आणि ‘बाहर निकालो साले को’ म्हणून ओरडत होते, ते आत ऐकू जात होतं. बाहेरचं कडं सांभाळणाऱ्या शिपायांना पथकाइतकंच शिकवलं पाहिजे.

आणि एक, ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही. ज्या जवानाला गोळी चालवावी लागते, त्याचं पुढे काय? तो दुसऱ्या दिवशी हजेरीला उभा राहतो. त्याच्याशी बोलायला कुणी तरी ठेवा, आणि त्याची नोंद बढतीच्या कागदात होणार नाही, अशी लेखी हमी द्या. नाही तर कुणी जाणार नाही.

तर माझ्या मागण्या अशा :

कमांडो पथक कधी बोलवायचं, कोण बोलवतो आणि बळ वापरण्याचा निर्णय कोण घेतो, याचे नियम जनतेसाठी प्रसिद्ध करा.

प्रत्येक पथकाबरोबर किमान दोन प्रशिक्षित बोलणारे असावेत, त्यातली एक स्त्री. स्थानिक भाषा येणारी माणसं त्यात घ्या. ग्वाल्हेरला मराठी, सिंधी, पंजाबी, बुंदेली बोलणारी घरं आहेत.

११२ वर फोन आला की ‘तो आजारी आहे का, औषध चालू आहे का, घरातलं कोण जवळ आहे’ हे तीन प्रश्न विचारणं सक्तीचं करा.

कलम १०० ठळक अक्षरांत प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावा आणि मानसिक आरोग्यशाळेत जवानांची व ठाणेदारांची दरवर्षी आठवडाभराची शिबिरं घ्या.

पथकातल्या जवानांना बंदोबस्तातून मोकळं ठेवा आणि दर महिन्याला सरावाचे दिवस ठरवून द्या.

शेवटी, प्रत्येक मोठ्या प्रसंगानंतर, कुणी मेलं नसलं तरी, काय चुकलं आणि काय बरोबर झालं याचा अहवाल लिहून पुढच्या तुकडीला शिकवा. बंडूच्या प्रसंगाचा अहवाल कुणी लिहिला असेल तर त्यात ‘आरोपी ताब्यात’ एवढंच असेल. पायरीवरचे दोन तास चाळीस मिनिटं त्यात नसतील, आणि शिकण्यासारखं होतं ते त्यातच.

लेखी उत्तराची वाट पाहीन. शिबिराचा पहिला वर्ग ज्या दिवशी भरेल त्या दिवशी मला बोलवा, मी येऊन त्या रात्रीचं सगळं सांगेन, कोण कुठे उभं होतं तेही. आणि त्या हवालदाराला बोलवा. आता ते निवृत्त झाले असतील. त्यांचं नाव इथे छापणार नाही, पण माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे. मागाल तेव्हा देईन.

आपली नम्र,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक निवृत्त शिक्षिका